माफी कुणी मागायची? शिमाझाकी तोसोन यांची गोष्ट

भारतातून कुणी नातेवाईक आले की आम्ही नागोयावाले त्यांना एक दिवस मागोमेला नेतो. तोवर त्यांची क्योतोची देवळं बघून झालेली असतात, फुजी ढगात लपलेला असतो आणि मंडळींना ‘जुनं जपान’ बघायचं असतं. नागोयाहून रेल्वेनं नाकात्सुगावा, तिथून बसनं अर्ध्या तासात मागोमे. डोंगरउतारावर चढत गेलेली फरसबंदी वाट, दोन्ही बाजूंना काळपट लाकडाची घरं, एक पाणचक्की, आणि अक्रोड-मिसोचा लेप लावून निखाऱ्यावर भाजलेली भाताची गोहेइमोची. पुढे त्सुमागोपर्यंत आठेक किलोमीटरची जंगलवाट आहे. वाटेत अस्वलं लांब राहावीत म्हणून घंटा टांगलेल्या असतात. त्या वाजवायला लहान मुलांना तर आवडतंच, पण माझ्या सत्तरीच्या आत्यालाही फार आवडलं.

त्याच आत्यानं मला मागोमेच्या मध्यावरच्या स्मारकापुढे थांबवलं आणि हे कुणाचं घर, असं विचारलं. मी म्हटलं, एका लेखकाचं. काय लिहिलं त्यानं? मी पटकन सांगितलं, की आपली जात लपवून नोकरी करणाऱ्या एका शाळामास्तराची कादंबरी. आत्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, इथेसुद्धा?

हो, इथेसुद्धा. बसमध्ये तिला जे सांगत गेले तेच आज जरा सविस्तर लिहितेय. आपल्यापैकी पुष्कळजण वर्षानुवर्षं जपानमध्ये राहतात, हारुकी मुराकामी वाचतात, पण शिमाझाकी तोसोन हे नाव त्यांच्या कानावरून गेलेलं नसतं. जपानी माणसाला मात्र ते शाळेपासून माहीत असतं.

तोसोन हे टोपणनाव. मूळ नाव शिमाझाकी हारुकी. जन्म 1872 चा, याच मागोमे गावात. एदो म्हणजे आजचं तोक्यो आणि क्योतो यांना डोंगरातून जोडणारा नाकासेन्दो नावाचा जुना राजमार्ग इथून जायचा. त्यावर 69 मुक्काम होते, त्यांतला मागोमे 43 वा. मुक्कामाच्या गावी सरदार-दरकदार उतरायचे ते सरकारमान्य घर म्हणजे होन्जिन. शिमाझाकी घराणं पिढ्यान्‌पिढ्या मागोमेच्या होन्जिनचं यजमान, शिवाय गावचं मुखत्यार. आपल्या भाषेत सांगायचं तर पाटलाचा वाडा. सात भावंडांत हे शेंडेफळ.

पण वाड्याचे दिवस फिरले होते. मेइजी राजवट आली, मुक्कामांची जुनी व्यवस्था मोडली. किसो खोऱ्यातली जंगलं सरकारजमा झाली आणि ज्या रानावर गाव जगत होतं तिथलं लाकूड तोडणं गुन्हा ठरलं. तोसोनांचे वडील मासाकी हे विद्वान, प्राचीन जपानच्या परंपरेवर जीव टाकणारे. सम्राटाची सत्ता परत आली की सोन्याचे दिवस येतील अशी त्यांची भाबडी श्रद्धा होती. रानासाठी त्यांनी अर्ज-विनंत्या केल्या, तर गावचं कामच त्यांच्या हातून काढून घेतलं गेलं. पुढे त्यांचं मन ढळलं. देवळाला आग लावायला निघाले म्हणून घरच्यांनीच त्यांना कोंडून ठेवलं आणि 1886 मध्ये ते तसेच गेले. तोसोन तेव्हा चौदा वर्षांचे, तोक्योत शिकायला होते. नवव्या वर्षीच त्यांना तिकडे पाठवलेलं होतं.

वडिलांची ही कहाणी पुढे त्यांनी ‘योआके माए’ म्हणजे ‘पहाटेपूर्वी’ या प्रचंड कादंबरीत लिहिली. ती 1929 ते 1935 अशी सहा-सात वर्षं प्रसिद्ध होत होती. पण तिथवर जायच्या आधी बरंच काही घडलं.

तोक्योत मेइजी गाकुइन या मिशनरी संस्थेत शिक्षण झालं. इंग्रजी साहित्याची गोडी लागली, 1888 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्मही घेतला. विशीत ते मुलींच्या शाळेत मास्तर झाले आणि एका विद्यार्थिनीवर जीव जडला. तिचं लग्न आधीच ठरलेलं होतं. तोसोनांनी नोकरी सोडली, चर्चही सोडलं. ती मुलगी लग्नानंतर थोड्याच काळात वारली. ज्याला गुरू मानलं त्या कितामुरा तोकोकु या कवीनं 1894 मध्ये आत्महत्या केली. या सगळ्या पडझडीनंतर सेन्दाईत मास्तरकी करताना त्यांनी कविता लिहिल्या आणि 1897 मध्ये ‘वाकानाशू’ हा संग्रह आला. आपल्याकडे केशवसुतांनी जे केलं, साधारण त्याच काळात तेच तोसोनांनी जपानीत केलं असं म्हणायला हरकत नाही. जुन्या साच्यातून कविता बाहेर काढून त्यांनी तिला तरुण माणसाच्या मनातलं बोलायला लावलं.

कवी म्हणून नाव झालं होतं. तसेच राहिले असते तरी पाठ्यपुस्तकात आले असते. पण 1899 मध्ये नागानो प्रांतातल्या कोमोरो या डोंगरी गावात एका छोट्या खासगी शाळेत ते शिकवायला गेले. तिथे सहा वर्षं राहिले आणि तिथेच कवितेकडून गद्याकडे वळले. फुयु नावाच्या मुलीशी लग्न झालं. ती दूर उत्तरेच्या हाकोदाते बंदरातल्या, मासेमारीच्या जाळ्यांच्या व्यापाऱ्याची लेक. तीन मुली झाल्या. पगार बेताचा. मास्तर फावल्या वेळात चिकुमा नदीच्या काठानं हिंडायचे, शेतकरी, हमाल, आगगाडीवरची माणसं बघायचे आणि वहीत टिपून ठेवायचे. एकदा तर ऐन नववर्षाच्या दिवशी ते उएदा गावच्या कत्तलखान्यात जाऊन बसले आणि बैल कसा कापतात, कापणारी माणसं कशी काम करतात ते बारकाईनं बघून आले. जपानमध्ये नववर्षाचा दिवस म्हणजे आपला पाडवाच. त्या दिवशी असल्या ठिकाणी कोण जातो?

तर हे कापणारे कोण होते, ते सांगायला हवं. जुन्या जपानमध्ये मेलेली जनावरं ओढणं, कातडी कमावणं, असली कामं ठरावीक लोकांच्या गळ्यात बांधलेली होती. त्यांची वस्ती गावाबाहेर. त्यांच्याशी सोयरीक नाही, त्यांच्या घरचं खाणं नाही. त्यांच्यासाठी जो शब्द वापरला जायचा तो ‘मळानं भरलेले’ अशा अर्थाचा. तो मी इथे लिहीत नाही. तोसोनांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, 1871 मध्ये, सरकारनं फर्मान काढून हा भेद कागदावरून पुसला आणि हे लोक बाकीच्यांसारखेच सामान्य नागरिक झाले. पण लोकांनी लगेच त्यांना ‘नवे नागरिक’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे नाव बदललं, बोट दाखवणं तेच. पुढे ‘बुराकु’ हा शब्द रूढ झाला. त्याचा साधा अर्थ वस्ती, वाडी.

आपल्यासारखे वर्ण, पोटजाती, रोटी-बेटीची उतरंड असं सगळं इथे नव्हतं हे खरं. चेहऱ्यावरून, भाषेवरून, धर्मावरून हे लोक ओळखू येत नाहीत. आडनावावरूनही सहसा नाही. कळतं ते फक्त मूळ गावावरून, पत्त्यावरून. म्हणूनच लपवणं शक्य होतं, आणि म्हणूनच लपवलेलं उघडं पडण्याची भीतीही चोवीस तास होती.

कोमोरोत असताना तोसोनांच्या कानावर एका शिक्षकाची हकिगत आली. त्यांचं नाव ओए इसोकिचि. याच प्रांतातल्या इइदा भागातले, अशा वस्तीत जन्मलेले, हुशार, शिक्षक झालेले. पण जन्म कळला की लोक त्यांना टिकू देईनात. नागानोत शिक्षक घडवणाऱ्या शाळेतूनही त्यांना जावं लागलं. पुढे लांब ह्योगो प्रांतात ते मुख्याध्यापक झाले आणि 1902 मध्ये, चाळिशीच्या आतच वारले. ही गोष्ट तोसोनांच्या मनातून जाईना. ते कोमोरोजवळच्या वस्तीत जाऊन तिथल्या माणसांशी बोलले. पाटलाच्या वाड्यातला मुलगा गावकुसाबाहेरच्या ओसरीवर बसून ऐकत होता. आणि त्यातून ‘हाकाई’ सुरू झाली. हाकाई म्हणजे घेतलेलं व्रत मोडणं, वचनभंग.

कथा थोडक्यात सांगते. उशिमात्सु हा तरुण मास्तर. बापानं त्याला एकच गोष्ट बजावलेली असते, की काहीही झालं तरी आपला जन्म कुठला ते कुणाला सांगायचं नाही. मुलाला जगता यावं म्हणून बाप स्वतः डोंगरात गुरं राखत एकटा राहतो आणि शेवटी एका माजलेल्या बैलाच्या शिंगानं मरतो. दुसरीकडे इनोको रेन्तारो हा त्याच समाजातला विचारवंत आपला जन्म उघड सांगून लिहीत असतो. उशिमात्सु त्याचं प्रत्येक पुस्तक विकत घेतो आणि लपवून ठेवतो. त्याला भेटतो तेव्हाही मीही तुमच्यातलाच, हे वाक्य ओठांपर्यंत येऊन परत जातं. रेन्तारोचा खून होतो. मग मात्र उशिमात्सुला राहवत नाही. तो वर्गात जातो, मुलांना आपला जन्म सांगतो, आणि इतके दिवस फसवलं म्हणून जमिनीवर गुडघे टेकून, डोकं खाली घालून माफी मागतो. शेवटी गाव सोडतो आणि अमेरिकेत टेक्ससला जायला निघतो.

माफी मागतो! मी पहिल्यांदा केनेथ स्ट्राँग यांच्या इंग्रजी अनुवादात हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. मला बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आठवली. 1963 च्या त्या कथासंग्रहातल्या नायकालाही परक्या गावात राहायला खोली हवी असते, म्हणून तो जात सांगत नाही. उघडं पडतं तेव्हा तो मार खातो. पण तो कुणासमोर गुडघे टेकत नाही, आणि वाचकाला एका क्षणासाठीही वाटत नाही की चूक त्याची होती. बागूल आतून लिहीत होते. तोसोन बाहेरून. आपल्याकडे ‘उपेक्षितांचे अंतरंग’ लिहिणारे माटे मास्तरही बाहेरूनच, कळकळीनं बघणारे होते. बाहेरून बघणाऱ्याची कळकळ खोटी नसते. पण तो एखाद्या जागी अडखळतो, आणि नेमकं तिथेच कळतं की तो कुठे उभा आहे.

या पुस्तकाची किंमत तोसोनांच्या घरानं मोजली. 1904 मध्ये रशिया-जपान युद्ध चालू असताना, रशियन जहाजं त्या समुद्रात फिरत असताना, ते सामुद्रधुनी ओलांडून हाकोदातेला सासऱ्यांकडे गेले. कादंबरी स्वतःच छापायची होती. सासऱ्यांनी 400 येन द्यायचं कबूल केलं. त्या काळी ही मोठी रक्कम होती. एका जमीनदार मित्रानंही मदत केली. 1905 च्या वसंतात नोकरी सोडून, बायको आणि तीन मुलींना घेऊन ते तोक्योच्या वेशीवरच्या निशि-ओकुबोत राहायला आले. आज शिंजुकुच्या झगमगाटात हरवलेला हा भाग तेव्हा शेताडीचा होता. पुस्तक पुरं होईपर्यंत पैसे पुरवायचे म्हणून घरात खाण्यापिण्याचीही काटकसर सुरू झाली. फुयुला रातांधळेपणा आला. मे महिन्यात धाकटी मुलगी गेली. मार्च 1906 मध्ये ‘हाकाई’ बाहेर पडली. एप्रिलमध्ये मधली मुलगी गेली, जूनमध्ये थोरली. वर्षाच्या आत-बाहेर तिन्ही मुली.

पुस्तकाचं मात्र जोरदार स्वागत झालं. नात्सुमे सोसेकींनी या राजवटीतली खरी कादंबरी म्हणावी तर हीच, अशा अर्थाचं एका शिष्याला कळवलं. जपानी वास्तववादी कादंबरीची सुरुवात इथून मोजतात. पण पुढच्या पिढीतल्या शिगा नाओया या लेखकानं कडवट सवाल टाकला, की तीन मुलींच्या जिवाइतकं मोल या पुस्तकाला होतं का? मलाही आई म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. मुली पुस्तकामुळेच गेल्या असं म्हणणं बरोबर नाही. त्या काळात मुलं साध्या आजारानंही जात. पण घरात कुणाचं पोट आधी आणि काय नंतर, हे कुणी ठरवलं, हे उघड आहे.

1910 मध्ये चौथ्या मुलीच्या जन्मानंतर फुयुही गेली. घरात तीन मुलगे आणि तान्ही पोर. मदतीला भावाच्या मुली आल्या. त्यांतल्या विशीच्याही आतल्या धाकट्या पुतणीशी चाळिशीच्या तोसोनांचे संबंध आले आणि तिला दिवस राहिले. तोसोनांनी काय केलं? 1913 मध्ये कोबेहून बोट धरली आणि फ्रान्स गाठलं. पुतणी मागे राहिली, एकटीनं बाळंत झाली, बाळ दुसऱ्यांना देऊन टाकलं गेलं. महायुद्ध सुरू झाल्यावर काही महिने लिमोझमध्ये, बाकी काळ पॅरिसमध्ये काढून तोसोन 1916 मध्ये परतले. संबंध पुन्हा सुरू झाले. मग 1918 पासून त्यांनी ही सगळी हकिगत ‘शिन्सेइ’ म्हणजे ‘नवा जन्म’ या नावानं वर्तमानपत्रात क्रमशः लिहायला घेतली. नावं बदललेली, पण सगळ्यांना कळलं. भावानं संबंध तोडले. पुतणीला तैवानला दुसऱ्या काकांकडे धाडलं. लेखकाचं मन मोकळं झालं आणि नावही टिकलं. तिच्या वाट्याला मात्र आयुष्यभराचा डाग आणि हलाखी आली. 1937 मध्ये तिनं एका मासिकात आपली बाजू लिहिली, पण ती किती जणांनी वाचली असेल? अकुतागावासारख्या लेखकानं मात्र ‘शिन्सेइ’च्या नायकाइतका पक्का ढोंगी दुसरा पाहिला नाही, अशा अर्थाचं लिहून ठेवलं आहे.

आता ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघा. ‘हाकाई’त ज्यानं काहीच गुन्हा केलेला नाही तो उशिमात्सु जमिनीला डोकं टेकून माफी मागतो. आणि ज्यानं खरंच माफी मागायला हवी होती, त्या लेखकानं ती पुतणीकडे न मागता वाचकांसमोर कबुलीजबाब दिला. सांगून टाकलं की मोकळं झालो, अशी तोसोनांची समजूत आयुष्यभर होती असं मला वाटतं. पण सांगून टाकणं ही एक गोष्ट आणि माफी ही दुसरी. कोण कुणाचं देणं लागतो ते आधी नीट ठरवावं लागतं. ते तोसोनांना दोन्ही वेळा चुकलं.

ही चूक दाखवून दिली ती ज्यांच्यावर कादंबरी लिहिली त्या लोकांनीच. 3 मार्च 1922 ला क्योतोत ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापन झाली. सुइहेइ म्हणजे पाण्याची समपातळी. आपल्याकडे ‘मूकनायक’ निघून दोन वर्षं झाली होती आणि महाडचा सत्याग्रह व्हायला पाच वर्षं होती, तेव्हाची ही गोष्ट. त्यांच्या जाहीरनाम्याचा रोख असा, की आता दया नको, सहानुभूती नको, आपण जे आहोत त्याचा अभिमान धरायची वेळ आलीय. अशा लोकांना गुडघे टेकणारा उशिमात्सु कसा पटावा? पुस्तकातल्या शिव्यांसारख्या शब्दांवरही त्यांचा आक्षेप होता. ‘हाकाई’ काही वर्षं बाजारात नव्हती. शेवटी सुइहेइशाच्या मंडळींशी बोलणं होऊन 1939 मध्ये तोसोनांनी शब्द बदललेली आवृत्ती काढली आणि ही आता गतकाळातली गोष्ट आहे, असं प्रस्तावनेत सुचवलं. ते गेल्यानंतर, 1953 मध्ये मूळ शब्द परत घालून पुस्तक छापलं गेलं, तेव्हा चळवळीनं पुन्हा हरकत घेतली. मूळ रूप ठेवा, पण वाचकाला मागचं-पुढचं समजावून न सांगता ठेवू नका, असा तो मुद्दा होता. आज दुकानात मिळणाऱ्या खिशात मावेल अशा आवृत्तीत भेदभावाविषयी वेगळा लेख जोडलेला असतो. मला ही गोष्ट फार शहाणपणाची वाटते. पुस्तक जाळलं नाही, देव्हाऱ्यातही ठेवलं नाही.

आणि गतकाळ? 1872 च्या जुन्या जन्मनोंदींत पूर्वीचे शेरे होते, त्या नोंदी बघायला बंद झाल्या थेट 1968 मध्ये. 1975 मध्ये उघड झालं, की देशभरच्या बुराकु वस्त्यांचे पत्ते छापलेली पुस्तकं गुपचूप विकली जात होती आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती घेतली होती. नोकरीला आलेल्या मुलाचं मूळ गाव ताडून बघायला! या भेदभावाविरुद्धचा ताजा कायदा 2016 चा आहे. म्हणजे आम्ही इथे रांगेत उभं राहून रेसिडेन्स कार्ड काढत होतो, तेव्हाचाच. सुइहेइशाच्या शताब्दीला, 2022 मध्ये, ‘हाकाई’वर पुन्हा एक सिनेमा निघाला. त्याआधी 1948 मध्ये किनोशिता आणि 1962 मध्ये इचिकावा कोन यांनीही काढलेलाच होता.

तोसोन 1935 मध्ये जपानच्या पेन या लेखकसंघाचे पहिले अध्यक्ष झाले, दुसऱ्या वर्षी अर्जेंटिनाला संमेलनालाही जाऊन आले. 22 ऑगस्ट 1943 ला समुद्राकाठच्या ओइसो गावी, एक कादंबरी अर्धवट ठेवून गेले. दफन तिथेच, देवळाच्या आवारात. केस आणि नखं मात्र मागोमेच्या देवळात आहेत. 1895 च्या आगीत जळालेल्या वाड्याच्या जागी गावकऱ्यांनी स्वतः राबून 1947 मध्ये स्मारक उभं केलं. त्याच्यापुढेच आत्या उभी राहिली होती. गंमत म्हणजे 2005 मध्ये मागोमे नागानो प्रांतातून निघून गिफु प्रांतात गेलं. आमचा तोसोन दुसऱ्यांच्या हद्दीत कसा, म्हणून नागानोवाल्यांना वाईट वाटलं. सीमाप्रश्न म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता माझी स्वतःची एक गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी दिवाळीच्या फराळाला नव्यानं आलेला एक मुलगा होता. त्यानं नुसतं नाव सांगितलं. मी चकलीची बशी पुढे करत आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं, पण ते कुठल्याही समाजात सापडेल असं. मग मी गाव विचारलं. तेही कळल्यावर गावात कुठे राहता, असं विचारलं. माझ्या मनात काही नव्हतं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. परदेशात आपलं माणूस भेटलं की कुठली ना कुठली ओळख निघते का, हे आपण बघतोच ना! पण तिसऱ्या प्रश्नाला त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं आणि तो पुढच्या दिवाळीला आला नाही. पत्ता ताडून बघणारी ती छुपी पुस्तकं विकत घेणाऱ्यांना मी नावं ठेवते. माझ्याकडे तसं पुस्तक नव्हतं, पण मला त्याची गरजही नव्हती. मला तीन प्रश्न पुरले.

आत्याला गावी सोडून आल्यावर मी त्या मुलाला मेसेज केला. तो आता दुसऱ्या शहरात असतो. त्या दिवशी मी नको ते विचारलं, माझं चुकलं, एवढंच लिहिलं. त्यात माझं मन मोकळं व्हावं हा हेतू किती आणि त्याचं देणं फेडण्याचा किती, हे तोसोनांबद्दल इतकं वाचल्यावर दोनदा तपासून पाहिलं. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं, की सगळेच विचारतात, तुम्ही निदान आधी फराळ दिला होतात. खाली त्यानं पुस्तकाचं नाव विचारलं होतं. मी इंग्रजी आणि जपानी दोन्ही आवृत्त्यांची नावं पाठवली, आणि शेवटचं प्रकरण वाचून राग येईल, हेही कळवलं.

या वर्षी दिवाळीला घरी कुणी नवीन आलं, तर चहात साखर किती, एवढंच विचारायचं ठरवलंय. बाकीचं ज्याला सांगावंसं वाटेल तो सांगेल.